कोरडी आंघोळ

सुकट माझा नव्हे, नवऱ्याचा.
वाळत घातलेल्या सुकटीत सापडलेलं पिल्लू,
तेच नाव पडलं.
मी भाकरी टाकायची, लांबून.
आंघोळ घालायची तीही लांबून,
नळीने, पाय मागे घेऊन.

पौषात ट्रॉलर रत्नागिरीच्या बाजूला गेला
आणि केळूसच्या खडकावर
कालवांनी याची मांडी चिरली.
सहा टाके. गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं.
वेंगुर्ल्याची धुरी डॉक्टरीण म्हणाली,
"धा दिवस पाणी लावचा नाय."
तिसऱ्याच दिवशी हा महाभाग
भरतीने टाकलेल्या कुजक्या तारल्यांत लोळून आला.
पाठ, मान, पार शेपटीपर्यंत.
टाका मात्र एकही उसवला नाही, ते त्याचं कसब.

रोझलीनच्या पोरीने पार्लरमधला डबा आणून दिला.
"काकी, ड्राय शॅम्पू. फुस्स केलं की झालं."
मोगऱ्याचा होता.
मी दारात उभं राहून नुसतं हवेत फुस्स केलं,
तर सुकट चुलीमागे गेला तो येईना,
आणि मला तीन शिंका.
माझ्या नाकाची ही गत,
तर होडी बंदराला लागायच्या आधी
ज्याला तिच्यातली मासळी कळते
त्याच्या नाकाचं काय?

फोनवर डॉक्टरीण हसली नाही.
"माणसांचो डबो माणसांक. टाल्कम पण नको, छातीत बसता.
टी-ट्री तेल लाव म्हणून कोणी सांगल्यान,
तर तेका माझो नंबर दी.
घरात आरारूट असा? साधा, वासाबिगर?
मुठीन नाय, चिमटीन.
आधी पोटाकडे रुपयाएवढ्या जागेर लाव नि उद्या बघ,
लाल झाला तर थांब.
डोळे, नाक, तोंड, टाके, थंय हात नको."

आरारूट होतंच, पोट बिघडलं की लागतं.
रुपयाएवढी जागा दुसऱ्या दिवशी
होती तशीच होती.

मग वारा बघितला.
एवढं मला कोणी शिकवायला नको:
सकाळी मतलई, जमिनीकडून समुद्राकडे.
सुकटचं तोंड डोंगराकडे, शेपूट पाण्याकडे,
म्हणजे उडेल ते लाटांवर जाईल, नाकात नाही.
पीठ आधी माझ्या तळहातावर,
मग त्याच्यावर.

आणि तिथे अडले.
नळी लांबून धरता येते,
तांब्या लांबून ओतता येतो,
पाण्याची आंघोळ माणसाला अंतर राखू देते.
कोरडीला हात घालावा लागतो,
केसांच्या उलट, मुळापर्यंत,
जिथे तो गरम असतो.

आठ वर्षं एका अंगणात,
आणि मला ठाऊक नव्हतं
की मानेखाली त्याचे केस एवढे मऊ,
की उजव्या बरगडीवर एक जुना व्रण,
कानामागे मोहरीएवढी गोचीड
(ती चिमट्याने काढली, मीठपाण्यात बुडवली),
की तो भ्याला तर गुरगुरत नाही, श्वास धरतो,
जाळ्याची शेवटची गाठ मारताना मी धरते तसा.

पाच मिनिटं बसलो.
आरारूट तेल पीत होतं, मी चहा.
मग ब्रश, पांढरं निघेपर्यंत.
राहिलं तर चाटणार, नरसाळं काही जन्मभर नाही,
म्हणून पुन्हा ब्रश,
मग कोरडं फडकं.

वास गेला म्हणाल तर अर्धा.
"ही काय आंघोळ न्हय," डॉक्टरीण म्हणाली होती,
"आंघोळीची वाट बघणा."

रात्री ट्रॉलर रेंजमध्ये आला.
"सुकट कसो असा?"
"बरो असा."
"न्हाणयलंस काय तेका?"
"नाय. पाणी लावचा नाय."

बाकीचं काही बोलले नाही.
फोन ठेवला आणि हात हुंगला:
तारली, थोडं आरारूट,
आणि आणखी काहीतरी,
उन्हात टाकलेल्या गोणपाटासारखं.
धुवायला मोरीकडे गेले होते खरी.